गेडेची बहुरूपी

मोंबासाहून उत्तरेला मालिंदीकडे जाणारा रस्ता नकाशावर समुद्राला खेटून जातो. प्रत्यक्षात समुद्र फारसा दिसत नाही. आधी विपिंगोच्या आसपास घायपाताच्या मैलोन्‌मैल रांगा लागतात, मग नारळ, काजू, आंबा आणि अधूनमधून एखादी अवाढव्य गोरखचिंच. किलिफीच्या खाडीवरचा पूल येतो तेवढ्यात निळं पाणी डोळे भरून बघून घ्यायचं. कोकणातून गेलेल्या माणसाला इथली हवा परकी वाटत नाही. तोच दमटपणा, झावळ्यांनी शाकारलेली तशीच घरं, रस्त्याकडेला रचलेले शहाळ्यांचे तसेच ढीग. मताटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, शेजारी बसलेल्या आजींनी कुठं निघालीस म्हणून विचारलं. ‘किपेपेओ,’ मी म्हणाले. स्वाहिलीत फुलपाखराला किपेपेओ म्हणतात आणि त्या भागात याच नावाचा एक प्रकल्प आहे. आजींनी मान डोलावली आणि सांगितलं, त्यांची सूनही कोश घेऊन तिथं जाते. त्या हे ज्या सहजपणे बोलल्या, त्या सहजपणे आपल्याकडे सासू ‘सून डेअरीत दूध घालते’ असं सांगेल.

गेडेच्या फाट्यावर उतरल्यावर पुढचं थोडं अंतर रिक्षाने जायचं. रिक्षा बजाजची होती. केनियाच्या या किनाऱ्यावर तीनचाकी म्हणजे जवळजवळ बजाजच.

गेडे हे एका उजाड स्वाहिली नगराचं नाव आहे. प्रवाळाच्या दगडात बांधलेली मोठी मशीद, राजवाडा, घरं, विहिरी, खांबांची थडगी, असं सगळं जंगलाच्या पोटात उभं आहे. सतराव्या शतकात वस्ती उठली आणि झाडांनी जागा परत घेतली. १९४८ पासून जेम्स कर्कमन यांनी इथं उत्खनन केलं. चिनी मिंग काळातली भांडी, व्हेनिसचे काचमणी आणि भारतातून आलेला एक लोखंडी दिवाही सापडला. २०२४ मध्ये हे नगर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अवशेषांवर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. मी तिथं वेगळ्या ओढीने गेले होते. किपेपेओ प्रकल्प याच आवारात आहे, आणि तिथं पॅपिलिओ डार्डॅनस हे फुलपाखरू अंड्यापासून वाढवतात.

इंग्रजीत याला मॉकर स्वॅलोटेल म्हणतात. सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या बहुतेक जंगली भागांत ते आढळतं, मादागास्कर आणि कोमोरो बेटांवरही. नर ओळखायला सोपा. फिकट पिवळसर, सायीच्या रंगाचे मोठे पंख, त्यांना काळी किनार, मागच्या पंखांना शेपट्या. जंगलाच्या कडेने वेगात गस्त घालत फिरतो. कुठंही गेलात तरी नर साधारण असाच. मादीची गोष्ट निराळी. एका ठिकाणी ती काळी-पांढरी, दुसऱ्या ठिकाणी काळ्यावर मळकट पिवळे ठिपके असलेली, तिसऱ्या ठिकाणी तांबूस-नारिंगी. मुख्य भूमीवरच्या बहुतेक माद्यांना शेपट्याही नसतात. एवढंच नाही, एकाच जंगलात, एकाच सकाळी, यातली दोन-तीन रूपं एकमेकांशेजारून उडताना दिसू शकतात. आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या.

प्रत्येक रूपामागे एक दुसरं फुलपाखरू आहे. काळी-पांढरी मादी अमॉरिस नियाव्हियस या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. ठिपक्यांची मादी अमॉरिसच्याच दुसऱ्या जातींची. तांबूस-नारिंगी मादी ज्याची नक्कल करते ते तर आपल्या ओळखीचं आहे. प्लेन टायगर. पुण्या-नाशकाच्या माळावर, रुईच्या झुडपांभोवती वर्षभर रेंगाळणारं नारिंगी फुलपाखरू ते हेच, दानाउस क्रिसिपस. अमॉरिस काय आणि प्लेन टायगर काय, दोन्ही अंगात विष बाळगणारी. पक्ष्याने एकदा चोच मारली की तो तो रंग बराच काळ लक्षात ठेवतो. डार्डॅनसच्या अंगात विष नाही. तिने फक्त कपडे उसने घेतलेत. या युक्तीचं पहिलं शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून दिलं. मग एकाच जातीने इतके वेश का घ्यावेत? कारण सरळ आहे. नक्कल करणारे फार झाले की पक्ष्यांना चवदार घास वारंवार मिळतो आणि त्या रंगाचा धाक उरत नाही. वेश वाटून घेतले की प्रत्येक वेशात नकली थोडे राहतात आणि धाक टिकतो.

हे मी आधी पुस्तकांत वाचलं होतं. पण वाचताना एक प्रश्न सुटत नव्हता. या सगळ्या माद्या एकाच जातीच्या आहेत हे पहिल्यांदा कुणाला आणि कसं कळलं? उडताना नुसतं बघून तर ते कळणं शक्य नाही.

१८६९ मध्ये रोलंड ट्रायमेन या केप टाउनच्या कीटकतज्ज्ञांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला की ज्यांना वेगवेगळ्या जाती समजलं जातं त्या काळ्या, पांढऱ्या, तांबूस माद्या या सगळ्या एका पिवळ्या नराच्याच आहेत. त्यांनी असंख्य नमुने तपासून हे मांडलं होतं. विल्यम हेविटसन यांच्यासारख्या मातब्बर संग्राहकाने त्यांची टर उडवली. इंग्लंडमध्ये टाचणीला टोचलेल्या नमुन्यांकडे पाहून हे पटणं कठीणच होतं. वाद मिटला तो पाळून. १८७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या मॅन्सेल वील यांनी झाडावरच्या एकसारख्या अळ्या वाढवल्या आणि त्यांतून पिवळे नर आणि अगदी वेगळ्या दिसणाऱ्या माद्या बाहेर पडल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डर्बनच्या जी. एफ. ली यांनी एकेका मादीची अंडी घेऊन त्यांतून वेगवेगळ्या वेशांच्या मुली वाढवून दाखवल्या. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू, ही साखळी कुणीतरी रोज पानं घालून, घाण साफ करून, धीराने पाहिली तेव्हा कोडं उलगडलं. या कामाबद्दल मला फार आदर आहे. त्याला मोठं यंत्र लागत नाही, पण एक दिवस चुकवून चालत नाही.

गेडेला नेमकं हेच काम शेतकरी करतात.

प्रकल्पाच्या दारातच जाळीचं एक मोठं दालन आहे. त्यात पाहुण्यांसाठी फुलपाखरं सोडलेली असतात. मी तिथं जरा रेंगाळले, पण सोबतचा वाटाड्या मला म्हणाला की खरं बघायचं तर आधी जंगल आणि मग गाव बघा. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही अराबुको-सोकोकेत शिरलो.

अराबुको-सोकोके हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उरलेलं सगळ्यात मोठं सलग कोरडं जंगल. साधारण ४२० चौरस किलोमीटर. एकेकाळी असं जंगल किनाऱ्याने लांबवर पसरलेलं होतं. आता हा तुकडा उरलाय. आत शिरलं की तीन वेगवेगळी जंगलं एकापाठोपाठ एक लागतात. एक दाट मिश्र झाडोरा, एक पांढऱ्या वाळूवरचं ब्रॅकिस्टेजियाचं विरळ, उजेडाचं रान, आणि एक तांबड्या मातीतलं सायनोमेट्राचं गुंतलेलं, बुटकं रान. पक्षी पाहणारे इथं सोकोके घुबडासाठी येतात. हातभर लांब, सोनेरी पुठ्ठ्याचा एक उंदरासारखा प्राणी पाचोळ्यातून सरसर जातो, त्याला एलेफंट श्रू म्हणतात. तो मला क्षणभर दिसला. मोठा पाऊस नुकताच सरला होता. पाण्याच्या डबक्यांकाठी, वाळूच्या ओलीवर, पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांचे घोळके बसलेले होते.

नर पहिल्यांदा दिसला. मोकळ्या वाटेवरून डोक्याच्या उंचीवर आला, थांबला नाही, वळणावरून परत फिरला, पुन्हा त्याच वाटेने गेला. पानांतून आलेल्या कवडशात तो पिवळा रंग क्षणभर उजळायचा. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग सावलीत, जमिनीपासून थोड्या उंचीवर, काळ्या पंखांवर मोठे पांढरे पट्टे असलेलं एक फुलपाखरू संथ, जवळजवळ तरंगत आलं. मी म्हणाले, अमॉरिस. वाटाड्या म्हणाला, ‘बसू दे. मग पाय मोज.’

त्याचं बरोबर होतं. अमॉरिस आणि प्लेन टायगर यांच्या कुळात पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी मिटलेले असतात, त्यामुळे ती चार पायांवर उभी राहतात. स्वॅलोटेल मात्र सहाही पाय वापरतात. पंखांची नक्कल करता येते, पायांची नाही. ते फुलपाखरू एका झुडपावर उतरलं आणि पुढच्या पायांनी पानावर टकटक, टकटक करू लागलं. पाय सहा होते. ही डार्डॅनसची मादी होती आणि ती पान चाखत होती.

फुलपाखरांच्या माद्या पायांनी चव घेतात. पायांच्या टोकाशी असलेल्या संवेदी केसांनी त्यांना पानातली रसायनं कळतात. डार्डॅनसला हवी असतात लिंबाच्या कुळातली पानं. तिने दोन-तीन पानं चाखून सोडली, मग एका कोवळ्या पानाच्या कडेला पोट वाकवून एक अंडं घातलं आणि निघून गेली. एका ठिकाणी एकच. वाटाड्याने ते पान न तोडता उलटं करून दाखवलं. मोहरीपेक्षा थोडं मोठं, गोल, फिकट पिवळं, गुळगुळीत. मग त्याने त्याच झुडपाचं दुसरं एक पान चुरगाळून माझ्या हातावर ठेवलं. बडीशेपेचा वास आला. हे क्लॉसेना अनिसाटा. आपला कढीपत्ता, लिंबू, बेल, कवठ, सगळी याच कुळातली. आपल्या अंगणात लिंबाच्या रोपाचा फडशा पाडणारी अळी ज्या फुलपाखराची, त्या लाइम बटरफ्लायची आणि डार्डॅनसची पसंती म्हणून तर इतकी जुळते.

जंगलातून बाहेर आलो की लगेच शेतं सुरू होतात. मका, कसावा, नारळ, आंबा. इथं गिर्यामा लोकांची वस्ती आहे. जंगल आणि गाव यांच्यामध्ये फारसं अंतर नाही, आणि तेच दुखणं होतं. हत्ती आणि बबून पीक फस्त करत, लाकूड तोडायला बंदी, जमीन कसायला बंदी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या बहुतेक लोकांचं म्हणणं होतं की हे जंगल तोडून जमीन आम्हाला वाटून द्या. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. ज्याच्या घरात जंगलामुळे फक्त नुकसान येतं त्याने जंगल का सोसावं? १९९३ मध्ये इयन गॉर्डन या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने, केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या छत्राखाली किपेपेओ सुरू झालं. कल्पना साधी होती. युरोप-अमेरिकेत काचेच्या घरांत जिवंत फुलपाखरं दाखवण्याचा मोठा व्यवसाय आहे. त्यांना कोश लागतात, सतत लागतात, कारण फुलपाखरू जगतं थोडे दिवस. हे कोश जंगलाच्या काठावरच्या माणसांनी वाढवून विकायचे. मादी पकडायला जंगल लागतं, म्हणून जंगल शाबूत पाहिजे. अळ्यांना पाला लागतो, म्हणून खाद्यवनस्पती लावल्या पाहिजेत.

आम्ही गेलो त्या घराच्या मागे, आंब्याच्या सावलीत, कमरेएवढी रोपं ओळीने लावलेली होती. काही फांद्यांवर जाळीच्या पिशव्या चढवून तोंडं दोरीने बांधलेली. घरच्या बाईंना सगळे ‘मामा’ म्हणत होते. तिकडे कोणत्याही घरच्या मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हटलं. त्यांना माझ्या भाषेचा गंध नव्हता आणि माझी स्वाहिली नमस्कारापलीकडे जात नव्हती. वाटाड्याने सांभाळून घेतलं. पण खरं तर फार बोलावं लागलं नाही. त्यांनी एका पिशवीची दोरी सोडली आणि आतलं दाखवायला सुरुवात केली.

पकडलेली मादी एका छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात क्लॉसेनाच्या फांदीबरोबर ठेवतात. जंगलात सापडणाऱ्या बहुतेक माद्यांचं मीलन आधीच झालेलं असतं, त्यामुळे त्या अंडी घालतात. अंडी आठवड्याच्या आत फुटतात. अळी बाहेर आली की आधी आपल्याच अंड्याचं टरफल खाते. लहानपणी ती काळपट-तपकिरी, अंगावर पांढरट डाग असलेली. स्वॅलोटेलच्या अनेक लहान अळ्यांचा हाच वेश असतो, पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेकडे कोण बघणार? मग ती खात राहते, कात टाकत राहते. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत पोचते तेव्हा ती पूर्ण हिरवी होते आणि पानाच्या शिरेवर आडवी पडली की दिसेनाशी होते.

मामांनी एका अशा मोठ्या अळीच्या पाठीला बोटाने हळूच स्पर्श केला. डोक्यामागून एकदम दोन नारिंगी, ओली, मऊ शिंगं बाहेर आली आणि हवेत आंबूस, उग्र वास पसरला. मुंग्या आणि कोळ्यांना हुसकवायची ही तिची सोय. दोन-चार सेकंदांत शिंगं आत गेली. लिंबावरच्या अळीची अशी शिंगं मी घरी कितीदा पाहिली आहेत. तरी मी मामांना म्हटलं, पुन्हा एकदा. त्या हसल्या, पण पुन्हा हात लावला नाही. वाटाड्याने सांगितलं, उगाच डिवचलं की अळीचं खाणं थांबतं.

बाई कामात किती चोख होत्या हे लहानसहान गोष्टींत दिसत होतं. विष्ठेचे गोळे रोज झटकून टाकायचे, नाहीतर बुरशी येते आणि एका पिशवीतल्या सगळ्या अळ्या जातात. पिशवीला बारीकसं भोक पडलं तरी मुंग्या आत शिरतात, किंवा एखादी परजीवी माशी अळीच्या अंगात अंडं घालून जाते. मग त्या अळीचा कोश होतो, पण कोशातून फुलपाखराऐवजी माश्या निघतात. फांदीवरचा पाला संपत आला की अळ्या दुसऱ्या फांदीवर हलवायच्या. उघड्यावर शंभर अंड्यांपैकी फार थोडी फुलपाखरं होतात. या पिशव्यांमधून बरीच होतात. म्हणून जंगलातून थोड्या माद्या पकडल्या तरी जंगलाचं नुकसान होत नाही. फुलपाखरं विकायची ही कल्पना आपल्याकडे अनेकांना रुचणार नाही. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कितीतरी फुलपाखरांना संरक्षण दिलं आहे आणि ते योग्यच आहे. पण गेडेचं गणित वेगळं आहे. तिथं कोशाचे पैसे रोख घरात येतात, ते बहुतेक बाईच्या हातात येतात, आणि त्यांतून मुलांची फी जाते. जंगल तोडलं तर हे पैसे बंद होतात, एवढं तिथं प्रत्येकाला कळतं. माझं मत विचाराल तर जंगल वाचवायचे जे मार्ग मी आजवर बघितले त्यांतला हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

मग कोश. खाणं संपलं की अळी पानाखाली जागा शोधते, शेपटीकडचं टोक रेशमाच्या गुंडीत अडकवते, पाठीभोवती रेशमाचा एक धागा घेऊन त्याच्या आधाराने रेलते आणि शेवटची कात टाकते. डार्डॅनसचा कोश हिरवा, दोन्ही बाजूंनी चपटा, पानासारखा. मामांनी मला पानांमधले कोश मोजायला सांगितले. मी शोधत बसले, त्या एकामागून एक बोट ठेवत गेल्या. हे कोश टाचणीने हळुवार सोडवून कापसावर ठेवायचे आणि गेडेला न्यायचे.

गेडेच्या त्या छोट्या पॅकिंगच्या खोलीत मी बराच वेळ उभी होते. गावागावांतून आलेले कोश टेबलावर जातवार लावलेले होते. एक मुलगी प्रत्येक कोश बोटांत धरून बघत होती. नरम पडलेला, काळवंडलेला, भोक असलेला कोश बाजूला. चांगला कोश हात लागला की जरासा वळवळतो. निवडलेले कोश कापसाच्या थरांत रचून खोक्यात भरायचे, खोकं त्याच दिवशी मोंबासाकडे रवाना करायचं. घाईचं कारण साधं आहे. कोशाची मुदत साधारण दोन-तीन आठवडे. खोकं वाटेत अडकलं तर फुलपाखरं कापसातच बाहेर येतात आणि पंख न पसरताच मरतात. २०२० मध्ये विमानं थांबली आणि युरोपातली काचघरं बंद झाली तेव्हा या सगळ्या साखळीचा कणाच मोडला. जाणारा माल थांबला, पण अळ्या थांबत नाहीत. त्या काळात गावातल्या घरांवर काय बेतलं असेल याचा मला अंदाज आला.

डार्डॅनसच्या कोशांच्या रांगेने मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं. सगळे एकसारखे हिरवे. आत नर आहे की मादी हे तिथले जाणकार सांगू शकतील. पण मादी असेल तर काळी-पांढरी निघेल, ठिपक्यांची की नारिंगी, हे कोश बघून कुणालाच सांगता येत नाही. शेवटच्या दिवशी कोश पातळ होऊन पंखांचे रंग आतून दिसू लागतात, तेव्हाच कळतं.

ही निवड ठरवतं कोण? १९५०च्या दशकात लिव्हरपूलचे एक डॉक्टर, सिरिल क्लार्क, हाच प्रश्न घेऊन बसले. दिवसा रुग्ण, फावल्या वेळात फुलपाखरं. जनुकशास्त्रज्ञ फिलिप शेपर्ड यांच्यासोबत त्यांनी आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतले डार्डॅनस मागवले, नर-माद्यांचं मीलन हाताने जुळवून आणलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवून नोंदी ठेवल्या. त्यांना आढळलं की मादीचा सगळा वेश, रंग आणि ठिपके, जणू एकाच जागेवरून वारसाने येतो. शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या नियमांप्रमाणे एक वेश दुसऱ्यावर प्रभावी ठरतो. नराकडेही ती जनुकं असतात, पण त्याच्या अंगावर ती दिसत नाहीत. तो गुपचूप आपल्या मुलींना वेश देतो. २०१४ मध्ये संशोधकांनी ही जागा एन्ग्रेल्ड आणि इन्व्हेक्टेड या जनुकांपाशी असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी आपल्याकडच्या कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या माद्यांचे वेश डबलसेक्स नावाचं एकच जनुक ठरवतं, हे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. कॉमन मॉर्मनही स्वॅलोटेलच, तिच्याही माद्या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात, आणि तिची अळीही लिंबा-कढीपत्त्यावर वाढते. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. दोन खंडांतल्या दोन भावकीतल्या फुलपाखरांनी एकच युक्ती वेगवेगळ्या जनुकांनी साधली, हे वाचून मी थक्क झाले होते.

क्लार्क यांच्या कामाची दुसरी शाखा तर आपल्या घरांपर्यंत पोचली आहे. एका ठिकाणच्या जनुकांनी एकत्र वारसाने येण्याची ही पद्धत माणसाच्या रक्तगटातही दिसते, या विचाराने क्लार्क आणि त्यांचे सहकारी आरएच रक्तगटाकडे वळले. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या बाळाचं रक्त नासतं. १९६०च्या दशकात लिव्हरपूलच्या या गटाने आईला अँटी-डी प्रतिपिंडांचं इंजेक्शन देऊन हे टाळता येतं हे दाखवलं. त्याच काळात अमेरिकेतही यावर काम झालं. माझ्या धाकट्या बहिणीला दोन्ही बाळंतपणांत हे इंजेक्शन दिलं होतं. गेडेच्या त्या टेबलापाशी मी वाटाड्याला हे सांगितलं. त्याने ते पॅकिंग करणाऱ्या मुलीला सांगितलं. तिने हातातला कोश खाली ठेवला आणि बहिणीची मुलं आता केवढी आहेत ते विचारलं.

निघायच्या आधी दालनात एक कोश उकलताना पाहायला मिळाला. सकाळची वेळ. कोश डोक्याकडून चिरला, आधी पाय आले, मग ओलं, आखूड, चुरगळलेलं काहीतरी बाहेर ओढलं गेलं. सहा पायांनी ती रिकाम्या टरफलाला लोंबकळून राहिली. पोटातला द्रव शिरांमध्ये ढकलला जात होता आणि पंख वरून खाली उलगडत होते. सोंड दोन अर्ध्या नळ्यांची असते, त्या दोन्ही जोडून एक करण्यासाठी ती सोंड गुंडाळत-सोडत होती. एक तांबूस थेंब खाली पडला. अर्ध्या तासाने पंख पूर्ण पसरले. ती ठिपक्यांची निघाली. मादागास्करमध्ये असती तर पिवळी आणि शेपट्यांची निघाली असती, कारण तिथल्या डार्डॅनस माद्या नरासारख्याच दिसतात, नक्कल करतच नाहीत. इथिओपियात बहुतेक माद्या नरासारख्या आणि थोड्या नक्कल करणाऱ्या, तेही शेपट्या ठेवून. एकाच जातीचा एवढा पसारा आहे. ऑक्सफर्डचे एडवर्ड पोल्टन यांनी डार्डॅनसला जगातलं सगळ्यात लक्षवेधक फुलपाखरू म्हटलं होतं. त्यांच्याशी मी सहमत आहे.

केनियाला जाणारे आपले बहुतेक प्रवासी मासाई मारा पाहून परततात. किनाऱ्याकडे गेलात तर गेडेसाठी दोन सकाळी राखून ठेवा. मोठ्या पावसानंतर जा. एक सकाळ दालनाला आणि अवशेषांना, दुसरी अराबुको-सोकोकेला, आणि तिथं स्थानिक वाटाड्या घ्याच, तो नसेल तर पाय मोजायला कोण सांगणार?

आणि जाणं जमणार नसेल तर हे घरीही करता येतं. कुंडीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली की फवारणी करू नका. त्या फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधा, रोज ती झटका, पाला संपला तर नवी फांदी द्या. साधारण महिन्याभरात लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन बाहेर येईल. कॉमन मॉर्मनची मादी आली तर ती कोणत्या वेशात आली ते लिहून ठेवा, तारखेसह. घरातल्या मुलांना हे काम द्या, त्यांना ते जमतं.